इंजिन बदलानंतर मोटार सुरू न होणे

इंजिन बदलानंतर मोटार सुरू न होणे हा मोटार दुरुस्तीतील एक नेहमी आढळणारा दोष आहे. अशा वेळी संशय प्रथम नव्याने बसविलेल्या इंजिनावर घेतला जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा बदल करताना सोडवून पुन्हा जोडलेल्या तारा, नळ्या व पट्ट्यांमध्ये असतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेले सुस्थितीतील इंजिन त्यामुळे निष्कारण पुन्हा उतरविले जाते आणि मजुरी दुप्पट होते.

पहिली चाचणी

सेल्फ मारण्यापूर्वी प्लग काढून क्रँकशाफ्टच्या पुलीला पाना लावावा व इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. मध्येच अडले तर टायमिंग पट्टा चुकीच्या खुणेवर बसल्याची शक्यता असते. अनेक इंजिनांत अशा स्थितीत सेल्फ मारल्यास पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. खोपोलीलगतच्या साजगावसारख्या, बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या अतिपावसाच्या भागात आणखी एक कारण संभवते: उघड्यावर ठेवलेल्या इंजिनात हवेच्या नळीवाटे पाणी शिरते. पाणी दाबले जात नसल्याने सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

सेल्फ न फिरणे

पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना तिचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी अशक्त आहे किंवा इंजिन जड फिरत आहे असे मानतात. दाब टिकूनही सेल्फ फिरत नसेल, तर पाहावयाची पहिली वस्तू म्हणजे अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणजेच विजेच्या दृष्टीने ते चॅसीपासून तुटलेले असते. ही जाड पट्टी जोडायची राहिली, किंवा रंगावर आवळली गेली, तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापणे वा तिच्यातून धूर येणे हे या दोषाचे जवळजवळ खात्रीचे लक्षण होय. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या धातूला जम्पर केबल लावून सेल्फ फिरला, तर निदान पक्के झाले.

सेल्फ फिरूनही इंजिन न पेटणे

डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनांत, उदाहरणार्थ प्रीमियर पद्मिनीच्या, ठिणगी असूनही ती चुकीच्या वेळी पडणे ही सर्वसामान्य चूक आहे. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एक आवर्तन पूर्ण होते. त्यामुळे पहिला पिस्टन दोनदा माथ्यावर येतो, पण ठिणगी हवी असते ती फक्त दाबाच्या स्ट्रोकअखेर. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरविल्यास हवा अंगठा ढकलते; तोच योग्य फेरा. दुसऱ्या फेऱ्यावर डिस्ट्रिब्युटर बसविला असल्यास कार्ब्युरेटरमधून भडका उडतो, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेले असल्यास आग लागू शकते.

इंधन इंजेक्शनच्या मोटारींत क्रँकशाफ्ट सेन्सरकडून संकेत न आल्यास संगणक बहुधा ठिणगी व इंधन दोन्ही रोखतो. सेन्सरचे अंतर आणि दात्यांची संख्या मूळ इंजिनाशी जुळते का, हे पाहावे लागते. दुसऱ्या मोटारीतील संगणक बसविला असल्यास तो किल्लीतील चिप ओळखत नाही. इंजिन क्षणभर पेटून बंद पडते, किंवा पेटतच नाही. यासाठी संगणक, किल्ली व इमोबिलायझर हा संच एकत्र ठेवावा.

महाराष्ट्रात जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविण्याची प्रथा होती. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्रश्नच नसतो, मात्र नळ्यांत हवा राहिल्यास इंजेक्टर इंधन फवारत नाहीत. फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारणे, याला मेकॅनिक ‘एअर काढणे’ म्हणतात. इंधनपंपावर (गॅरेजच्या भाषेत ‘मायको पंप’) विजेवर चालणारा बंद करण्याचा व्हॉल्व्ह असल्यास त्याला किल्ली चालू असताना वीज मिळते की नाही तेही तपासावे. पेट्रोल जीपच्या मूळ वायरिंगमध्ये ही तार नसते.

नोंदणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, आणि नवा इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर चढवावा लागतो. खालापूर तालुक्यातील वाहनांसाठी हे काम पनवेलच्या (एमएच-४६) परिवहन कार्यालयात होते. जुने इंजिन विकत घेताना त्याच्या मूळ वाहनाची कागदपत्रे सोबत घेणे त्यामुळेच आवश्यक ठरते.