रिंगटोनमधला डग्गा जातो कुठे?

हेडफोनवर घुमणारं आवडतं गाणं कापून रिंगटोन म्हणून लावलं, की फोन वाजताना त्यातला डग्गा गायब! फाइल बिघडलेली नसते. खर्जातला आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला बरीच हवा ढकलावी लागते. फोनमधला पडदा एवढासा. हातपंख्याने मांडवभर वारा घालण्यातलाच प्रकार. हेडफोनचा पडदाही लहानच, पण तिथे कानाजवळची चिमूटभर हवा हलली तरी भागतं. सनई, घुंगरू, झांज यांचे उंच स्वर मात्र फोनला सहज जमतात. शिवाय सेकंदाला 2000 ते 5000 कंपनांच्या आवाजाला आपला कान सर्वांत तिखट. तेव्हा गाण्याची सुरुवातच लावायचा हट्ट सोडा. संथ आलाप संपेपर्यंत समोरचा फोन ठेवून देतो. कात्री थेट सनईच्या तुकड्यावर चालवा.