राउटरच्या किल्ल्या कोणाच्या हातीं?

कोंकणांतील जुन्या घरांची रचना मोठी विचारपूर्वक असे. आल्यागेल्यास ओटी मोकळी, आप्तांस माजघर, आणि कोठीची किल्ली मात्र कर्त्या बाईच्या कमरेला. त्यांत कोणाविषयीं अविश्वास नसे. कोणीं कोठपर्यंत जावें हें आधींच ठरलेलें असे, एवढेंच. हल्लीं रत्नागिरींतील घराघरांत भिंतीवर राउटर नांवाची जी लहानशी पेटी दिसते, तिलाहि हाच नियम लागू आहे. फोन व संगणक यांस इंटरनेटशीं जोडणारी ती घराची देवडीच होय.

या देवडीच्या किल्ल्या दोन. एक वाय-फायचा परवलीचा शब्द. त्यानें इंटरनेट वापरतां येतें. दुसरा राउटरच्या कारभाराचा. त्यानें पेटीची सर्व व्यवस्था बदलतां येते. पहिला घरांत सर्वांस ठाऊक असावयाचाच. दुसरा मात्र कित्येक ठिकाणीं कारखान्यांतून आला तसाच, म्हणजे नांवहि ‘ॲडमिन’ व शब्दहि ‘ॲडमिन’, असा राहून जातो.

याचा परिणाम २०१६ सालीं जगास दिसला. ‘मिराई’ नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें असे सर्वश्रुत शब्द एकामागून एक लावून पाहून लक्षावधि कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले. जुलै २०१७ मध्यें भारत संचार निगमच्या ग्राहकांचे, मूळचा शब्द न बदललेले अनेक मोडेम अशाच हल्ल्यानें बंद पडले, व शब्द बदलण्याविषयीं निगमला ग्राहकांस सांगावें लागलें.

हानि केवळ यंत्राची नाहीं. कारभाराची किल्ली मिळालेला चोर नांवावरून पत्ता सांगणारी ‘डीएनएस’ची नोंद बदलूं शकतो, मग बँकेचें नांव नीट लिहूनहि खातेदार नकली पानाकडे वळविला जातो. ब्राउझर धोक्याची सूचना देतो, पण घाईंत ती वाचतो कोण? मुलें मुंबई-पुण्यास आणि वृद्ध आईबाप येथें, अशा घरांत पेन्शनचा व्यवहार फोनवरच चालतो, हें लक्षांत घ्यावें.

उपाय सोपा आहे. पेटीच्या तळाशीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर तिचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. घरच्या वाय-फायवरून तो ब्राउझरमध्यें लिहावा, चिठ्ठीवरील नांव व शब्द देऊन आंत शिरावें, आणि प्रथम कारभाराचा शब्द बदलावा. तो लांब व वाय-फायच्या शब्दाहून निराळा असावा.

कांहीं राउटरांत अनेक खातीं काढतां येतात. मायक्रोटिक बनावटीच्या राउटरांत ‘रीड’, ‘राइट’ व ‘फुल’ असे तीन गट तयारच असतात. पहिल्यास पाहण्याचा, दुसऱ्यास फेरफाराचा, तिसऱ्यास खातीं निर्माण करण्यासुद्धां सर्व अधिकार. होमस्टे चालविणाऱ्यानें ‘फुल’ स्वतःकडे ठेवावें. देखरेख करणाऱ्यास ‘रीड’ पुरे. माणूस बदलला कीं त्याचें तेवढें खातें रद्द करावें. इतरांस त्रास नाहीं.

घरगुती राउटरांत बहुधा कारभाराचें खातें एकच असतें. तेथें गणपतीस येणाऱ्या पाहुण्यांसाठीं ‘गेस्ट’ नांवाचें निराळें वाय-फाय चालू करावें, आणि बाहेरून कारभार पाहण्याची सोय बंद ठेवावी. नवा शब्द कपाटांतील वहींत लिहून ठेवावा. तो विसरल्यास मागील छिद्रांतील कळ कांहीं सेकंद दाबून सर्व मांडणी मूळपदावर आणावी लागते, व सारें काम पुन्हां करावें लागतें.

मे महिन्याच्या सुटींत घरीं आलेल्या मुलानें हें काम आईबापांना शेजारीं बसवून करावें, आणि वही त्यांच्याच हातीं द्यावी. देवडी त्यांच्या घराची आहे.