डिशपासून टीव्हीपर्यंत : केबल आणि कनेक्टर कसे निवडावेत?

घरावर किंवा शाळेच्या गच्चीवर डिश अँटेना बसवताना सर्वांचे लक्ष डिशचा आकार आणि तिची दिशा यांकडे असते. केबल मात्र दुकानदार देईल ती घेतली जाते आणि टोकाचा कनेक्टर कसाबसा पिळून बसवला जातो. एप्रिल-मे महिन्यांत अशी जोडणी छान चालते. जूनचे दोन-चार पाऊस झाले की चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागतात आणि दोष डिशच्या माथी मारला जातो. २०२० साली शाळा बंद असताना ‘पीएम ई-विद्या’ उपक्रम सुरू झाला आणि त्याच्या इयत्तावार वाहिन्या डीडी फ्री डिशवरून दिसू लागल्या. जिथे इंटरनेट धड पोचत नाही, तिथे अशा वाहिन्या मुलांना मोठा आधार ठरू शकतात. म्हणून गच्चीपासून वर्गापर्यंतच्या त्या वीस मीटर केबलचे विज्ञान समजून घेऊ या.

केबलमधून काय जाते?

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरींची वारंवारता साधारण १०,७०० ते १२,७५० मेगाहर्ट्झ असते. एवढ्या उच्च वारंवारतेचा संदेश साध्या केबलमधून पाठवला, तर तो वाटेतच फार क्षीण होईल. म्हणून डिशच्या नाभीजवळ बसवलेला एलएनबी प्रथम तो संदेश वर्धित करतो आणि मग त्याची वारंवारता खाली आणतो. समजा, संदेश ११,००० मेगाहर्ट्झचा आहे आणि एलएनबीमधील आंदोलक ९,७५० मेगाहर्ट्झचा आहे. दोहोंतील फरक, म्हणजे १,२५० मेगाहर्ट्झ, केबलमध्ये उतरतो. केबलमधील संदेश असे ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात.

त्याच केबलमधून उलट दिशेने एलएनबीला वीज मिळते. सेट-टॉप बॉक्स १३ किंवा १८ व्होल्टचा एकदिश दाब पाठवतो. सामान्यतः १३ व्होल्टला उभ्या ध्रुवणाचे आणि १८ व्होल्टला आडव्या ध्रुवणाचे संदेश निवडले जातात. म्हणजे केबलला दोन परीक्षा द्याव्या लागतात : एक उच्च वारंवारतेची आणि दुसरी एकदिश प्रवाहाची.

७५ ओहम कशाचे?

कोअ‍ॅक्सिअल म्हणजे समाक्ष केबल. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती फेसाळ पॉलिथिनचा विसंवाहक थर, त्यावर धातूचे पातळ पान व जाळी आणि बाहेर आवरण, अशी तिची रचना असते. तिच्यावर छापलेले ‘७५ ओहम’ मल्टिमीटरने मोजता येत नाहीत. तो तारेचा रोध नव्हे, तर लहरीच्या वाटचालीतील दाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर, म्हणजे केबलचा स्वाभाविक संरोध होय. तो मुख्यतः रचनेवर अवलंबून असतो. विसंवाहकाचा बाहेरचा व्यास आणि मधल्या तारेचा व्यास यांच्या गुणोत्तराचा १० पायाचा लॉगरिदम घ्यावा, त्याला १३८ ने गुणावे आणि विसंवाहकाच्या सापेक्ष परावैद्युतांकाच्या वर्गमुळाने भागावे.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. आरजी-६ केबलचा तुकडा सोलून व्हर्निअर कॅलिपरने मोजमाप घ्या. मधली तार सुमारे १.०२ मिलिमीटर आणि विसंवाहक सुमारे ४.६ मिलिमीटर भरेल. गुणोत्तर ४.५१, त्याचा लॉगरिदम ०.६५४. फेसाळ पॉलिथिनचा परावैद्युतांक सुमारे १.४५ धरला, तर उत्तर ७५ ओहम येते!

यावरून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात येते. खिळा ठोकताना केबल चेपली किंवा काटकोनात दुमडली, तर तेथील व्यासांचे गुणोत्तर बदलते. संरोध बदलला की लहरीचा काही भाग मागे परावर्तित होतो. म्हणून वळण देताना त्याची त्रिज्या केबलच्या जाडीच्या निदान दहापट, म्हणजे सुमारे ७ सेंटिमीटर ठेवावी.

वाटेतील घट

तांब्यातील रोध आणि विसंवाहकातील शोषण यांमुळे संदेश क्षीण होतो. चांगल्या आरजी-६ केबलमध्ये १,००० मेगाहर्ट्झला दर १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबेल, तर २,००० मेगाहर्ट्झला सुमारे ३० डेसिबेल घट होते. ३ डेसिबेल म्हणजे शक्ती निम्मी. २० मीटर केबलमध्ये वरच्या टोकाच्या वारंवारतेला ६ डेसिबेल जातात, म्हणजे चौथाई शक्तीच उरते. मात्र घाबरण्याचे कारण नाही. एलएनबीने आधीच संदेशाची शक्ती ५० ते ६० डेसिबेलने, म्हणजे लाख ते दहा लाख पटीने वाढवलेली असते. त्यामुळे घरगुती अंतराला आरजी-६ पुरेशी आहे. तिच्याहून बारीक आरजी-५९ मध्ये घट जास्त होते, म्हणून ती डिशसाठी टाळावी. अंतर पन्नास मीटरच्या पुढे गेले, तर जाड आरजी-११ चा विचार करावा.

तांबे की पोलाद?

केबलच्या सोललेल्या टोकाशी लोहचुंबक न्या. मधली तार चिकटली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार आहे. ही फसवणूक समजावी का? नेहमीच नव्हे. उच्च वारंवारतेचा प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागालगतच वाहतो. १,००० मेगाहर्ट्झला तांब्यातील ही खोली जेमतेम २ मायक्रोमीटर असते. तेवढ्या थराला मुलामा पुरतो.

एकदिश प्रवाह मात्र सबंध तारेतून वाहतो. १.०२ मिलिमीटर जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला सुमारे २ ओहम, तर पोलादी गाभ्याच्या तारेचा सुमारे १० ओहम असतो. एलएनबी १५० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर पहिल्या तारेत ०.३ व्होल्ट, दुसऱ्या तारेत १.५ व्होल्ट पडतात. १३ व्होल्टमधून दीड व्होल्ट गेला, तर एलएनबी अडखळू शकतो. वीस मीटरसाठी पोलादी गाभा चालेल, लांब अंतराला शुद्ध तांबेच घ्यावे. रोधाचा हा फरक विद्यार्थी मल्टिमीटरने स्वतः मोजू शकतात.

कनेक्टर आणि पाऊस

डिशला लागतो तो एफ-कनेक्टर. यात केबलची मधली तारच पिनचे काम करते, त्यामुळे सोलण्यातील हयगय लगेच नडते. पांढरा विसंवाहक कनेक्टरच्या आतल्या तळाशी समपातळीत यावा, तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर डोकवावी आणि जाळीचा एकही धागा मधल्या तारेला टेकू नये. धागा टेकला की एलएनबीचा वीजपुरवठा शॉर्ट होतो. म्हणून जोडणी करण्यापूर्वी बॉक्सची वीज बंद करावी. कनेक्टर पिळून बसवण्याचे, दाबून बसवण्याचे आणि कॉम्प्रेशनचे असे मिळतात. उघड्यावर यांतील शेवटचा सर्वांत भरवशाचा. त्यासाठी लागणारे हत्यार शाळेने एकदा घेऊन ठेवले, तर गावालाही उपयोगी पडेल.

पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८० आहे. ते कनेक्टरमध्ये शिरले की संरोध पार बिघडतो आणि तांबे गंजू लागते. केशाकर्षणाने पाणी जाळीतून पुढे सरकते. म्हणून बाहेरचे सांधे स्वतःशीच एकजीव होणाऱ्या रबरी टेपने गुंडाळावेत. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब तेथून गळून पडतात. बाहेरचे आवरण काळ्या पॉलिथिनचे असावे, ते उन्हाला टिकते.

आता दोष ओळखणे सोपे आहे. मुसळधार सर आली की चित्र जाते आणि सर ओसरताच परत येते, तर तो आकाशातील पावसाने केलेला अडथळा. त्याला केबल बदलून उपाय नाही. पाऊस थांबून ऊन पडले तरी चित्र तासन्‌तास येत नसेल, तर डिश हलवण्याआधी कनेक्टर उघडून पाहावा. तार हिरवट किंवा काळपट दिसली, तर केबलचा ओला भाग कापून टाकावा, कोरड्या टोकावर नवा कनेक्टर बसवावा आणि सांधा नीट गुंडाळावा. मे महिना संपण्यापूर्वी ही तपासणी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी, असे आम्ही शिक्षकांना सुचवू. छपरावर मात्र मोठ्यांनीच चढावे.