गाणं कंपनीचं, गोटमार आमची

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पळसाच्या झाडावरचा झेंडा कोणी नेला आणि कोणाचं डोकं फुटलं, हे पेपरात दुसऱ्या दिवशी येतं. त्याआधी, त्याच रात्री, गाणं लावलेले गोटमारीचे व्हिडिओ सौंसर-बोरगावच्या मोबाइलांवर फिरायला लागतात. दगड हवेत असतानाच चित्र थांबतं, ढोलाचा ठोका पडतो आणि ठोक्याबरोबर दगड पुढे सुटतो. सगळा पंधरा-वीस सेकंदांचा मामला. चित्रण गावातल्या पोरांचं, जुळणी त्यांच्यातल्याच एकाची, आणि गाणं बहुतेक वेळा मुंबई-दिल्लीकडच्या एखाद्या म्युझिक कंपनीचं. मग एखाद्या सकाळी बघावं तर चित्र चालू आहे आणि आवाज गायब.

मी या व्हिडिओंचा जुना शौकीन. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, मी स्टेटस जमवतो. घरच्यांना हे आवडत नाही, पण दिवाळी अंकाच्या संपादकांना आवडलं, म्हणून हा लेख. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाण्यावर जीव असलेला माणूस त्या गाण्यावर स्वतःचं काहीतरी रचतो ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. तिला कायद्यात नीट जागा नाही. जी आहे ती कंपन्यांच्या आपसातल्या करारांत आहे, आणि करार कधीही मोडू शकतो.

जुनी रीत म्हणजे चाल. आमच्याकडच्या कुठल्याही भजनी मंडळात जाऊन बसा. अभंग तुकोबांचा आणि चाल मागच्या वर्षीच्या सिनेमाची, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. भीमगीतांचा तर मोठा हिस्सा सिनेमाच्या चालींवर उभा आहे. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी नवं गाणं हवं असलं, की कवी आधी लोकांच्या तोंडात असलेली चाल धरतो आणि तिच्यात आपले शब्द बसवतो. चाल लोकांना पाठ असल्यामुळे दुसऱ्या कडव्यापासून सगळा मंडप गायला लागतो. वामनदादा कर्डकांसारखा मोठा गीतकार असो की गावातला हौशी, चाल ही सगळ्यांची सामाईक मिळकत होती. गणपतीची गाणी, गौरीची गाणी, लग्नातली गाणी, सगळीकडे हेच. कॅसेट आल्यावर याचा धंदा झाला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली भारतातल्या कॅसेटसंस्कृतीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात या उसन्या चालींना बरीच जागा आहे. टी-सिरीज १९८० च्या दशकात मोठी झाली त्यात जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतलेल्या ‘व्हर्जन’ कॅसेटचा वाटा मोठा होता. कायद्याच्या कलम ५२ मध्ये तेव्हा तशी सोय होती: मूळ ध्वनिमुद्रणाला ठरावीक काळ लोटला, नोटीस दिली, रॉयल्टी भरली, की गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत असे. आज लहान पोरांचे व्हिडिओ ज्यांच्या दाव्यांनी मुके होतात, त्यांच्यातली एक कंपनी एकेकाळी दुसऱ्यांच्या गाण्यांवरच वाढली, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, सौंसर तालुक्यात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशात राहिला, २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. भोवती संत्रा आणि कापूस, गावाला औद्योगिक क्षेत्र, बोली मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी. एवढा भूगोल पुरे.

तिथल्या एका कारखान्यात पाळीत काम करणारा एक पोरगा मला स्टेटसमुळेच ओळखीचा झाला. नाव देत नाही, का ते पुढे कळेल. रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल, तरी बसला दाखवायला. हातातल्या मोबाइलची काच कोपऱ्यातून तडकलेली. अलाइट मोशन हे व्हिडिओ जुळवायचं ॲप उघडलं. खाली गाण्याची लाट, आडवी पसरलेली, मध्ये मध्ये शिखरं. त्याने गाणं लावलं आणि प्रत्येक ठोक्याला अंगठ्याने खूण करत गेला. याला ‘बीट मार्क’ करणं म्हणतात. खुणा झाल्या की प्रत्येक खुणेवर एक चित्र कापून बसवायचं. कुठे चित्र हलवायचं, त्याला ‘शेक’. कुठे एका चित्रातून दुसऱ्यात घसरायचं, ते ‘ट्रान्झिशन’. मी विचारलं, गाणं किती वेळा ऐकतोस? तो म्हणाला, “आयकाचं नसते काका, मोजाचं असते. आयकत बसलो तं व्हिडिओ होतच नाही.”

मोजणी झाली की ती एक्सएमएल फाईलमध्ये साठवता येते, आणि या फाईली पोरं एकमेकांना देतात. म्हणजे सांगलीकडच्या कोणा मुलाने एका गाण्याचे ठोके मोजून ठेवले, तर बोरगावच्या पोराने त्यात फक्त आपली चित्रं भरायची. कोणी शिवजयंतीची भरतो, कोणी बैलजोडीची, कोणी मेलेल्या मित्राची. मोजणाऱ्याचं नाव व्हिडिओच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत राहिलं पाहिजे असा यांचा आपसातला दंडक आहे. ते पुसणारा ‘चोर’, आणि चोराला पुढची फाईल मिळत नाही. इतका कडक दंडक पाळणारे हेच लोक गीतकाराचं नाव मात्र कधी लिहीत नाहीत. लिहितात ते ‘नो कॉपीराइट इन्टेन्डेड’. हे वाक्य लिहिलं की आपण सुटलो, अशी पक्की समजूत आहे. त्याला कायद्यात काडीचीही किंमत नाही. “माझा चोरीचा इरादा नाही” असं लिहून ठेवल्याने चोरीची न-चोरी होत नाही. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “पन सगळे लिवतेत ना.”

जगातला इतिहास थोडक्यात: अमेरिकेत कँडी फाँग या बाईंनी १९७५ साली ‘स्टार ट्रेक’च्या स्लाइड गाण्यावर दाखवल्या, तिथून चाहत्यांच्या संगीत-व्हिडिओंची सुरुवात धरतात, १९८२ मध्ये जिम कापोस्तास यांनी दोन व्हीसीआर जोडून जपानी कार्टूनवर बीटल्सचं गाणं चढवलं, २००५ मध्ये विंड-अप रेकॉर्ड्सने आपल्या कलावंतांची गाणी असलेले असे व्हिडिओ काढून टाकायला लावले, आणि २००७ मध्ये नाचणाऱ्या तान्ह्याच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून स्टेफनी लेन्झ यांचा युनिव्हर्सलशी खटला सुरू झाला, तो वर्षानुवर्षं चालला. ज्याला खोलात जायचं त्याने जावं. मला बोरगावला परत यायचं आहे.

आवाज जातो कसा? यूट्यूबने २००७ मध्ये कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आणली. कंपनी आपल्या गाण्यांच्या मूळ फाईली तिथे जमा करते आणि चढणारा प्रत्येक व्हिडिओ यंत्र त्यांच्याशी ताडून बघतं. जुळलं की ‘क्लेम’ लागतो. मग कंपनीने आधीच सांगून ठेवलेलं असतं त्याप्रमाणे व्हिडिओ बंद होतो, किंवा त्यावरच्या जाहिरातींचा पैसा कंपनीकडे वळतो, किंवा किती जण बघतात एवढंच मोजलं जातं. क्लेम म्हणजे गुन्हा नव्हे. ‘स्ट्राइक’ वेगळा; नव्वद दिवसांत तीन आले तर चॅनलच जातं. पोरं दोन्हींना एकाच दमात शिव्या घालतात, पण भितात स्ट्राइकला.

यंत्राला चकवायचे उपायही यांनी काढले आहेत. गाण्याची गती थोडी वाढवायची, सूर अर्धी पट्टी वर न्यायचा, खाली पावसाचा आवाज घालायचा. परिणामी आमच्या भागात कित्येक पोरांना काही गाणी चिपमंक आवाजातच ओळखीची आहेत. मूळ गाणं ऐकवलं तर “हे स्लो केलं का?” असं विचारतात. गाण्यावर प्रेम करणाऱ्याने पकडलं जाऊ नये म्हणून गाणंच विद्रूप करावं, याहून उफराटं काही असेल असं मला वाटत नाही.

क्लेमविरुद्ध दाद मागता येते. पण ती आधी त्याच कंपनीकडे जाते आणि उत्तर द्यायला तिला तीस दिवस असतात. प्रकरण पुढे गेलं की जे फॉर्म भरावे लागतात ते अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याच्या भाषेत. आपल्या कायद्यात वेगळी तरतूद आहे: तक्रार आली की मध्यस्थाने, म्हणजे यूट्यूबसारख्या मंचाने, ३६ तासांत मजकूर थांबवायचा, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स या प्रकरणात असंही म्हटलं, की नेमक्या कुठल्या मजकुराबद्दल तक्रार आहे हे कळवल्याशिवाय मध्यस्थाला दोषी धरता येणार नाही. कागदावर सगळं ठीक. पण यंत्र तक्रारीची वाट बघत नाही, त्यामुळे बोरगावचा पोरगा या कायद्यापर्यंत कधी पोचतच नाही.

वरातीची गंमत तर ऐकाच. कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक समारंभात, लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे धरून, गाणं वाजवणं हा कॉपीराइटचा भंग नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग विभागाने जाहीर सूचना काढून हे पुन्हा बजावलं. म्हणजे सौंसरच्या रस्त्यावर डीजेवर ‘झिंगाट’ वाजवत तासभर नाचा, कोणी बोलणार नाही. तीच वरात, तेच गाणं, व्हिडिओत घालून यूट्यूबवर चढवा: क्लेम. फोटो स्टुडिओवाल्यांनी आता यावर तोडगा म्हणून लग्नाच्या व्हिडिओच्या दोन प्रती करायला घेतल्या आहेत, एक घरच्यांना गाण्यासकट आणि एक यूट्यूबसाठी फुकटच्या बासरीवर. बासरीवाली प्रत बघताना नवरदेवाचा मामा बेभान का नाचतोय हे कळत नाही.

इन्स्टाग्रामवर जमतं, मग इथे का नाही, असा प्रश्न येईल. तिथे कंपनीने पैसे मोजले आहेत. २०२० मध्ये फेसबुकने सारेगामाशी करार केला, इतरांशीही केले. त्याच वर्षी टिकटॉकवर बंदी आल्यावर रील्स आल्या. त्या यादीतलं गाणं घेतलं तर मुभा आहे. पण ओळखीच्या एका दुकानदाराने खातं ‘बिझनेस’ केलं आणि त्याच्या यादीतून निम्मी गाणी गेली. मुभा चाहत्याला होती, दुकानाला नव्हती. उद्या करार संपला तर चाहत्याचीही जाईल.

मग कायद्याने जागा का नाही? आपल्या १९५७ च्या कायद्यात रास्त वापराची यादी ठरलेली आहे: खासगी वापर, टीका-समीक्षा, बातमी, शिक्षण वगैरे. ‘मला हे गाणं फार आवडतं’ हे त्यात नाही. टोमणा असेल तर थोडी वाट मिळते. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाला मूळ नाटकावरची टीका मानून मोकळीक दिली. २०१७ मध्ये आरजे मलिष्काने ‘सोनू’ गाण्याच्या चालीवर मुंबईच्या खड्ड्यांचं विडंबन केलं, त्याला अशी काही बाजू तरी मांडता येते, जरी तेव्हा गदारोळ झाला तो खड्ड्यांवरून. निव्वळ प्रेमाने केलेल्या व्हिडिओला ही बाजूही नाही. आणि गुन्ह्याचं प्रकरण हलकं नाही: कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलं. पोराचं नाव का दिलं नाही ते आता कळलं असेल.

मी कंपन्यांच्या विरोधात आहे असं समजू नका. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा मिळाला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, ते योग्यच होतं. क्लेमच्या पैशातला तो वाटा खरोखर लिहिणाऱ्यापर्यंत जात असेल तर तो पैसा जरूर कापावा. माझा राग मुकं करण्यावर आहे.

यंत्राने गायचे दिवस आल्यावर हा गुंता वाढला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करणाऱ्यांना रोखलं, २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण मिळालं. हे बरोबर आहे. गळा ही माणसाची स्वतःची वस्तू आहे, चालीसारखी सामाईक नाही. पण डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या त्याच उद्योग विभागाने एक मसुदा मांडला: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी कलावंतांचं काम प्रशिक्षणासाठी वापरावं, परवानगी मागायची गरज नाही, फक्त ठरलेली रॉयल्टी भरावी. अब्जावधींच्या कंपन्यांसाठी सक्तीचा परवाना सुचू शकतो, तर तडकलेल्या मोबाइलवाल्यासाठी का नाही?

सुचायला फार डोकंही लागत नाही, कायद्यात सांगाडा आहे. जुनी व्हर्जनची सोय २०१२ मध्ये कलम ३१सी मध्ये गेली. तिथे पाच वर्षांची मुदत आणि दरवर्षी निदान ५० हजार प्रतींची रॉयल्टी, ही अट हौशी माणसाला मारून टाकणारी आहे, शिवाय सोय फक्त नव्याने गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाला आहे, व्हिडिओला नाही. पण त्याच कलमात एक परंतुक आहे: एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्यांचा प्रसार किती होऊ शकतो ते पाहून ही किमान संख्या कमी करता येते. बोलीचा एवढा विचार केलेलं दुसरं कलम मला तरी आठवत नाही. हा विचार व्हिडिओपर्यंत वाढवावा. मिनिटभराच्या आतला, जाहिरात नसलेला, हौशी व्हिडिओ. कोपऱ्यात गीतकार, संगीतकार आणि गायकाचं नाव सक्तीचं. रॉयल्टी मंचाने एकरकमी भरायची आणि ती कलावंतांच्या संस्थेने वाटायची. आवाज बंद करायचा अधिकार फक्त द्वेष पसरवणाऱ्या किंवा मूळ कलावंताची बदनामी करणाऱ्या वापरापुरता.

मी हे सगळं बोरगावच्या त्या पोराला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “नाव लिवाचं म्हंता, तं मोजणाऱ्याचंबी लिवतीन का?” मसुदा करणाऱ्यांनी ही दुरुस्ती जरूर घ्यावी.