पेटीच्या आतली लाकडी पट्टी

महागडे स्पीकर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं, 'चायनाचा तर नाही ना?' लाखांत पैसे मोजायचे तर शंका येणारच. पण वस्तू कुठे जुळवली एवढ्यावरून तिचा दर्जा कळत नाही. बीबीसीच्या 'एलएस३/५ए' या स्पीकरचा इतिहास पाहिला की हे पटतं.

बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांत जागा अपुरी, म्हणून १९७०च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. शौकीन आजही त्याच्या जुन्या जोड्या शोधत असतात. आराखडा बीबीसीचा, आतले दोन्ही ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, 'केईएफ' या कंपनीचे आणि जुळणी रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडर अशा परवानाधारक कंपन्यांची. म्हणजे हा नावाजलेला इंग्रजी स्पीकर पहिल्यापासून बाहेरूनच बनवून घेतलेला!

तरीही तो नावारूपाला आला, कारण बीबीसीने मोजमाप कधी सैल सोडलं नाही. पेटी बर्च प्लायवूडची, आतल्या कोपऱ्यांना बीच लाकडाच्या पट्ट्या. काही पेट्यांत बीचऐवजी पॅराना पाइन वापरलं गेलं आणि आवाज बिघडला. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळलं नसतं, पण अभियंत्यांनी कारण त्या पट्ट्यांपर्यंत शोधून काढलं. उंच स्वर काढणाऱ्या ड्रायव्हरचं, म्हणजे ट्वीटरचंही तसंच. एकाच कारखान्यातले दोन ट्वीटर तंतोतंत सारखे नसतात, म्हणून उंच आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरमधल्या ट्रान्सफॉर्मरला अनेक टॅप, म्हणजे तार जोडायच्या जागा, ठेवल्या होत्या. प्रत्येक ट्वीटर मोजायचा आणि त्याला जुळेल त्या टॅपवर तार जोडायची. हे काम वेळखाऊ आहे, आणि खर्च कमी करायचा झाला की पहिली कात्री अशाच कामाला लागते. पुढे खालचे स्वर काढणारे वूफरच मूळ मापापासून ढळू लागले. तेव्हा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला आणि स्पीकरचा विद्युतरोध १५ ओहमवरून ११ ओहमवर आला. हे ड्रायव्हर इंग्लंडमध्येच बनत होते, हे विसरू नये.

आता चीनकडे वळू. त्याच केईएफची मालकी १९९२पासून हाँगकाँगच्या गोल्ड पीक समूहाकडे आहे. त्यांचे 'ब्लेड' आणि 'रेफरन्स' हे स्पीकर इंग्लंडमधल्या मेडस्टोनला बनतात, २०१२चा 'एलएस५०' चीनमध्ये. संशोधन मात्र मेडस्टोनचंच. क्वाड आणि व्हार्फडेल ही जुनी इंग्रजी नावं चालवणाऱ्या आयएजी समूहाचे चीनमध्ये स्वतःचे कारखाने आहेत. पेटीपासून ड्रायव्हरपर्यंत बरंच काही तिथेच तयार होतं, त्यामुळे दोष निघाला तर बोट दुसऱ्या पुरवठादाराकडे दाखवता येत नाही. ज्या कंपनीकडे नुसतं नाव उरलंय आणि माल सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून येतो, तिथे कोपऱ्यातली पट्टी बदलली तरी कोणाला पत्ता लागणार नाही. माझ्या मते धोका तिथे आहे, चीनमध्ये नाही.

म्हणून दुकानात विचारायचं ते वेगळंच. दोन्ही स्पीकर मोजून जोडी लावली आहे का? दहा वर्षांनी एक ट्वीटर गेला, तर त्याच्याशी जुळणारा कोण देणार?