घाट उतरायचा तो गिअरवर

आजऱ्याहून गवसेमार्गे आंबोली तीस-पस्तीस किलोमीटर. इथवर गाडी कशीही आली तरी चालते. चालकाची परीक्षा आंबोलीच्या पुढे सुरू होते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तिथून सावंतवाडीकडे उतरणारा घाट पाचशे मीटरहून अधिक उंची थोड्याच अंतरात संपवतो. आज या वळणांवर पॉवर स्टीअरिंगच्या, डिस्क ब्रेकच्या गाड्या धावतात. पण जीप, अँबेसिडर आणि फियाट यांच्या काळात हा घाट चालकाच्या डाव्या पायावर आणि कानावर चढला-उतरला जायचा. त्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये काय चालायचं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

पेट्रोल इंजिनाची एक अडचण असते. ते फार हळू फिरलं तर बंद पडतं, आणि फार जोरात फिरवलं तर मोडतं. जोर मिळतो तो मधल्या पट्ट्यात. चाकांना मात्र चढावर हळू आणि सपाटीवर जलद फिरायचं असतं. या दोघांचा मेळ दातेरी चाकं घालतात. उदाहरणादाखल विलिसची ‘सीजे-३बी’ जीप घेऊ. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे हे मॉडेल अनेक वर्षं बनवलं. गावोगावच्या वडापपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत जीप पोहोचली ती त्यानंतर. तिच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याचे तीनच गिअर. पहिल्याचं गुणोत्तर २.८, दुसऱ्याचं १.५५, तिसऱ्याचं १. मागच्या एक्सलमध्ये आणखी ५.३८ पट घट. शिवाय शेजारी दुसरा दांडा, लो रेंजचा, तो आणखी २.४६ पट घट करणारा. सगळ्यांचा गुणाकार केला तर लो रेंजमध्ये पहिल्या गिअरवर इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग ३७ पटींनी कमी होतो, आणि घर्षणात जाणारा भाग सोडला तर जोर तितक्याच पटींनी वाढतो. चिखलात रुतलेली जीप घनसाळ तांदळाच्या पोत्यांसकट बाहेर निघायची, ती या गुणाकारावर.

आता खरी गंमत. या जीपच्या दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश होता, पहिल्याला नव्हता. अँबेसिडर आणि जुन्या फियाटच्या चार गिअरच्या पेटीतही पहिला तसाच उघडा. सिंक्रोमेश म्हणजे पितळी कड्याची सोय: दाते एकमेकांत जाण्याआधी हे कडं शंकूसारख्या भागावर घासतं आणि दोन्हींचा वेग सारखा करतं. कॅडिलॅकने १९२८ साली ही युक्ती पहिल्यांदा बाजारात आणली. ती नसेल तिथे वेग जुळवण्याचं काम माणसाला करावं लागतं. यालाच चालक डबल क्लच म्हणत.

समजा, जीप घाट चढते आहे. दुसऱ्या गिअरवर इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरतंय, वेग ताशी चोवीस किलोमीटरच्या आसपास. चढ वाढला, इंजिन दमायला लागलं, पहिला टाकायलाच हवा. चाकांना जोडलेला शाफ्ट त्या क्षणी मिनिटाला ९७० फेरे घेतोय. पहिल्या गिअरचे दाते त्याच्याशी जुळायचे तर इंजिनाकडची बाजू २७०० फेऱ्यांपर्यंत न्यायला हवी. म्हणून आधी क्लच दाबून दांडा न्यूट्रलला. मग क्लच सोडायचा, कारण तो सुटला तरच इंजिन पेटीच्या आतल्या शाफ्टला फिरवेल. अ‍ॅक्सिलरेटरला नेमका झटका. पुन्हा क्लच, आणि दांडा पहिल्यात. हे सगळं एक-दीड सेकंदात, नाहीतर गाडी उभी राहणार. झटका कमी पडला तर पेटी खर्रकन ओरडायची. बरोबर पडला तर दांडा लोण्यात गेल्यासारखा जायचा. टॅकोमीटर नसायचा, इंजिनाच्या आवाजावरून २७०० ओळखणारा कान म्हणजे माझ्या मते खरं तंत्रज्ञान.

ज्यांना हे कष्ट नको होते त्यांच्यासाठीही युरोपात वाटा शोधल्या गेल्या. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची जी मेबॅक बाहेर निघते, त्या कंपनीच्या १९३०च्या दशकातल्या मोटारींत स्टीअरिंगवरच्या छोट्या दांड्यांनी गिअर आधी निवडायचा, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. गिअर बदलण्याचं काम इंजिनाची निर्वात शक्ती करायची. राजेरजवाड्यांना परवडणारी गोष्ट. आपल्या रस्त्यांवर चालली ती साधी पेटी.

उतार मात्र चढापेक्षा धोकादायक. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी पाचशे मीटर खाली येते तेव्हा सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साध्या तापमानाचं २३ लिटर पाणी उकळीला आणायला तेवढी ऊर्जा पुरेल. ती सगळी ब्रेकवर टाकली तर जुन्या गाड्यांचे चारही ड्रम तापायचे, प्रसरण पावून शूपासून लांब जायचे, लायनर निसटायला लागायचा आणि पेडल खाली-खाली जायचं. खालच्या गिअरवर ठेवलेली गाडी उलट इंजिनाला फिरवते. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेलं इंजिन हवा ओढताना आणि आतल्या घर्षणात ऊर्जा खातं, आणि ती उष्णता रेडिएटर व सायलेन्सरमधून बाहेर जाते. ब्रेक थंड राहतात.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांचं इथेच चुकतं. जीप ताशी साठला पोहोचली की पहिल्या गिअरसाठी इंजिनाला ६८०० फेरे लागतील, आणि ते इंजिन चार हजारांच्या आसपासच संपतं. म्हणजे गिअर परत पडणारच नाही. उताराचा गिअर उतार सुरू होण्याआधी निवडायचा असतो.

पेट्या बदलल्या, पण हे गणित बदललेलं नाही. आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत तर गिअरवर उतरताना इंधनाचा पुरवठाच तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं. तेव्हा आंबोली उतरताना ऑटोमॅटिक गाडी असली तरी ‘एल’ किंवा ‘२’ वर घ्या, मॅन्युअल असेल तर दुसऱ्या-तिसऱ्यावर ठेवा. आणि न्यूट्रलला हात लावू नका.