भाडेकरूंची डर्बी
पुण्याजवळच्या बेगडेवाडीलगतच्या गहुंजे क्रिकेट स्टेडियमवरचे ‘सहारा’ या उद्योगसमूहाचे नाव, नामहक्कांचे, म्हणजे वास्तूला नाव देण्याच्या अधिकाराचे, पैसे थकल्याने 2013 मध्ये झाकण्यात आले. त्याच वर्षी बँक हमीच्या वादात सहाराचाच क्रिकेट संघ पुणे वॉरियर्स आयपीएलबाहेर गेला. फुटबॉलमध्ये 2014 साली उभा राहिलेला एफसी पुणे सिटी स्वतःच्या मैदानाविना बालेवाडीच्या सरकारी क्रीडासंकुलात खेळत असे आणि 2019 मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद पडून त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. ‘डर्बी’तील, म्हणजे शेजारी संघांच्या झुंजीतील, प्रतिस्पर्धी मुंबई सिटीच्या चाहत्यांना टोमण्यांसाठी हे आयते खाद्य होते, मात्र नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरून 2016 मध्ये अंधेरीच्या पालिका क्रीडासंकुलात आलेला त्यांचा संघही भाडेकरूच होता.